पिक्ट लोक आणि त्यांची राज्ये : नव्या संशोधनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिक्टांविषयी काहीही वाचायला घ्या, पहिल्या दोन ओळींतच ‘गूढ’, ‘अनाकलनीय’, ‘अचानक नाहीसे झालेले’ असे शब्द भेटतात. मला हे शब्द अन्यायाचे वाटतात. या लोकांनी रोमच्या सीमेपलीकडे राहून शेती केली, किल्ले बांधले, अप्रतिम शिळा कोरल्या आणि पुढे स्कॉटलंड म्हणून ओळखल्या गेलेल्या राज्याचा पाया घातला. गेल्या पंधरा-वीस वर्षांतली उत्खनने, कार्बन-14 कालमापन आणि डीएनएचा अभ्यास यांतून त्यांचे बरेच स्पष्ट चित्र समोर आले आहे. त्याबद्दल नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची ही उत्तरे.

पिक्ट म्हणजे नेमके कोण?

आजच्या स्कॉटलंडच्या पूर्व आणि उत्तर भागात, ढोबळमानाने फोर्थच्या खाडीच्या उत्तरेला, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या अखेरीपासून नवव्या शतकापर्यंत ज्यांचा उल्लेख सापडतो ते हे लोक. फाइफ, अँगस, पर्थशर, अ‍ॅबर्डीनशर, मरे, इनव्हर्नेसचा परिसर, शिवाय ऑर्कनी आणि शेटलंड बेटे हा त्यांचा मुलूख. पश्चिमेला अर्गाइलमध्ये दाल रियादा हे गेलिक (आयर्लंडमधली केल्टिक भाषा) भाषकांचे राज्य होते, नैर्ऋत्येला क्लाइड नदीकाठी ब्रिटनांचे, म्हणजे वेल्शशी जवळची भाषा बोलणाऱ्यांचे, राज्य होते आणि दक्षिणेकडून नॉर्थंब्रियाचे अँग्लो-सॅक्सन राजे वर सरकत होते.

‘पिक्ती’ हा शब्द पहिल्यांदा येतो तो 297 सालच्या एका लॅटिन प्रशस्तीत. सम्राटाच्या स्तुतीच्या भाषणात शत्रूंची नावे घेताना तो सहज येऊन जातो. म्हणजे हे नाव आधी बाहेरच्यांनी दिलेले. सुरुवातीला त्याखाली अनेक लहान-मोठ्या टोळ्या मोडत असाव्यात. चौथ्या शतकातला रोमन इतिहासकार अम्मियानस मार्सेलिनस त्यांचे दोन गट सांगतो : दिकालिदोनेस आणि वेर्तुरिओनेस. यातले दुसरे नाव लक्षात ठेवा, ते पुढे फार महत्त्वाचे ठरते.

ते अंगभर गोंदवून घ्यायचे, हे खरे आहे का?

लॅटिनमध्ये ‘पिक्ती’चा अर्थ ‘रंगवलेले’ असा होतो आणि रोमन लेखकांनी त्यावरून भरपूर लिहिले. पण एकाही पिक्ट माणसाची त्वचा टिकलेली नाही, आणि त्यांनी स्वतः कोरलेल्या शिळांवरची माणसे नीट कपडे घातलेली दिसतात : झगे, टोप्या, दाढी, घोड्यावर व्यवस्थित खोगीर. चित्रपटांतले निळ्या रंगाने माखलेले उघडेवाघडे योद्धे शिळांवर कुठेच नाहीत. गोंदण अजिबात नव्हते असे म्हणता येणार नाही. पण ज्यांनी आपली चित्रे स्वतः कोरून ठेवली त्यांना ओळखताना आधी ती चित्रे बघावीत, शत्रूने लिहिलेले नंतर वाचावे.

ते बाहेरून आलेले होते का? सिथियातून आले असे वाचले आहे.

ही कथा बीडची. बीड हा नॉर्थंब्रियातला विद्वान भिक्षू. 731 मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या इतिहासात त्याने लिहिले की पिक्ट सिथियातून, म्हणजे काळ्या समुद्राकडच्या प्रदेशातून, जहाजांनी आले. आयर्लंडमध्ये त्यांना जागा मिळाली नाही, म्हणून ते ब्रिटनच्या उत्तरेला उतरले. मध्ययुगात प्रत्येक जमातीला अशी दूरची उत्पत्तिकथा जोडण्याची पद्धतच होती.

2023 मध्ये ‘प्लॉस जेनेटिक्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने या कथेचा प्रश्न निकालात काढला, असे मी म्हणेन. अडेलिन मोरेझ, लिनस गर्डलँड-फ्लिंक आणि सहकाऱ्यांनी पाचव्या ते सातव्या शतकातल्या दोन सांगाड्यांचे जनुकसंच वाचले. एक फाइफमधल्या लंडिन लिंक्सच्या दफनभूमीतला, दुसरा उत्तरेकडच्या बॅलिनटोरचा. ते 8,300 हून अधिक प्राचीन आणि आधुनिक जनुकसंचांशी ताडून पाहिले. दोन्ही ब्रिटनमधल्या लोहयुगीन, म्हणजे रोमन येण्याआधीच्या, लोकसंख्येत चपखल बसले. म्हणजे पिक्ट हे त्याच भूमीत आधीपासून राहणाऱ्यांचे वंशज.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त विचार करायला लावते. या मुख्य भूमीवरच्या पिक्टांशी आज जनुकीय जवळीक जास्त दिसते ती पश्चिम स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड आणि नॉर्थंब्रियातल्या लोकांची. पिक्टांची सत्ताकेंद्रे जिथे होती त्या पूर्व स्कॉटलंडमधल्या आजच्या लोकांशी ती कमी आहे. पूर्वेकडच्या सुपीक पट्ट्यात नंतरच्या शतकांत बाहेरून बरेच लोक येऊन स्थिरावले असावेत, असा त्याचा अर्थ लावता येतो. ऑर्कनीचे पिक्ट मात्र मुख्य भूमीवरच्यांपेक्षा वेगळे निघाले, आणि तिथे जवळजवळ दोन हजार वर्षांचे सातत्य दिसते. वायकिंग येऊनही ते पूर्ण पुसले गेले नाही.

मुख्य भूमीवरचे फक्त दोनच जनुकसंच, हे विसरू नका. तिथली हाडे टिकणे हीच मोठी अडचण आहे. पूर्व स्कॉटलंडच्या आम्लधर्मी मातीत सांगाडे विरघळून जातात.

पिक्टांचा वारसा आईकडून चालायचा का?

हाही दावा बीडचाच. तो लिहितो की वारसाबद्दल शंका आली तर पिक्ट पुरुषवंशाऐवजी स्त्रीवंशातून राजा निवडत. ‘शंका आली तर’ हे त्याचेच शब्द आहेत आणि ते नेहमी गळून पडतात. राजांच्या याद्यांमध्ये बापानंतर मुलगा असा क्रम बराच काळ दिसत नाही, म्हणून अनेक अभ्यासकांना हे पटले होते. पण भाऊ, पुतणे, चुलतभाऊ आणि प्रतिस्पर्धी घराणी यांच्यात गादी फिरली तरी यादी तशीच दिसेल. त्या काळच्या आयर्लंडमध्येही गादी अशीच फिरत होती.

डीएनएने इथे थोडी भर घातली. लंडिन लिंक्सच्या सात व्यक्तींचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए, म्हणजे फक्त आईकडून येणारा वारसा, तपासला गेला. त्यांच्यात थेट समान स्त्री-पूर्वज सापडली नाही. मुली माहेरीच राहून घर पुढे चालवत असत्या तर तिथे एकाच आजी-पणजीच्या वंशाच्या खुणा दिसायला हव्या होत्या. बायका लग्नानंतर दुसऱ्या गावी जात असाव्यात, ही शक्यता त्यामुळे बळावते. सात माणसांवरून साऱ्या राजघराण्याचा नियम ठरत नाही, पण मातृवंशाचा सिद्धान्त आता पूर्वीसारखा गृहीत धरता येत नाही.

रोमशी त्यांचे संबंध फक्त लढाईचे होते का?

लढाया खूप झाल्या. 208 ते 211 या काळात सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसने उत्तरेत मोठी मोहीम काढली आणि तो यॉर्कमध्येच मरण पावला. 367 मध्ये पिक्ट, स्कॉट (तेव्हा हे नाव आयर्लंडच्या गेलिक भाषकांचे) आणि इतरांनी मिळून रोमन ब्रिटनवर असा हल्ला केला की रोमनांनी त्याला कट म्हटले.

पण पैसाही वाहत होता. फाइफमध्ये डेअर्सी इथे 2014 मध्ये मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या एका मुलाला चांदीचे तुकडे सापडले. उत्खननानंतर ते तीनशेच्या वर निघाले. तिसऱ्या शतकाच्या अखेरीचा हा ठेवा. रोमन भांडी तोडून, कापून केलेले तुकडे : सीमेपलीकडच्या सरदारांना शांत ठेवण्यासाठी दिलेली किंमत. स्कॉटलंडमध्ये तेव्हा चांदी खणून काढली जात नव्हती, सगळी रोमकडूनच येत होती. पुढे हीच चांदी वितळवून पिक्टांनी टाचण्या, फलक आणि जाडजूड साखळ्या घडवल्या. 1838 मध्ये गॉलक्रॉस इथे सापडलेला ठेवा जवळजवळ सगळा हरवला होता. 2013 मध्ये त्याच शेतात पुन्हा शोध घेतला तेव्हा आणखी शंभराहून अधिक तुकडे मिळाले. ज्याच्या हाती चांदी, त्याच्याभोवती माणसे. राजे तयार होण्याची प्रक्रिया इथून दिसू लागते.

रायनीबद्दल एवढी चर्चा का होते?

कारण रायनीने कल्पनाच बदलून टाकली. अ‍ॅबर्डीनशरमधले हे छोटेसे गाव कोरीव शिळांसाठी आधीपासून माहीत होते. शेताच्या उतारावर ‘क्रॉ स्टेन’ नावाची शिळा आजही उभी आहे. तिच्यावर एक मासा आणि लांब तोंडाचा, गुंडाळलेल्या पायांचा तो विचित्र ‘पिक्टिश प्राणी’. 1978 मध्ये जवळच नांगराला एक मोठी शिळा लागली. तिच्यावर दाढीवाला, मोठ्या नाकाचा, दात दाखवणारा, खांद्यावर कुऱ्हाड घेतलेला माणूस कोरलेला होता. तोच ‘रायनी मॅन’.

2011 पासून गॉर्डन नोबल आणि मेगन गॉन्डेक यांच्या पथकाने तिथे उत्खनन केले. क्रॉ स्टेनभोवती खंदक आणि भक्कम लाकडी मेढेकोट निघाला, आत इमारतींच्या खुणा निघाल्या. मातीतून पूर्व भूमध्य समुद्राच्या प्रदेशातून आलेल्या, मद्य वाहून नेणाऱ्या रांजणांची खापरे आली, फ्रान्सकडची काचपात्रे आली, धातू ओतण्याचे साचे आणि मुशी आल्या. प्राण्यांच्या लहान आकृती ओतायचे साचे होते आणि कुऱ्हाडीच्या आकाराची एक चिमुकली पिनही होती. रायनी मॅनच्या खांद्यावर जी कुऱ्हाड आहे, तशीच.

ही वस्ती चौथ्या ते सहाव्या शतकातली. भूमध्य समुद्रावरचे मद्य पिणारे लोक उत्तर स्कॉटलंडच्या आतल्या दरीत बसले होते, याची तीस वर्षांपूर्वी फारशी कुणी कल्पना केली नसती. रायनी या नावात ‘राजा’ या अर्थाचे जुने केल्टिक मूळ आहे असे भाषातज्ज्ञ मानतात. उत्खननाने त्या नावाला आधार मिळाला.

त्या दरीत शहर होते असे ऐकले. खरे आहे का?

रायनीच्या समोर टॅप ओ नॉथ हा डोंगर आहे, सुमारे 560 मीटर उंच. माथ्यावर एक जुना किल्ला आहे, त्याचे दगड आगीने वितळून काचेसारखे झालेले. खालच्या उतारावर भिंतीने वेढलेला मोठा भाग आहे, त्याला इतकी वर्षे कुणी फार महत्त्व दिले नव्हते. ड्रोन आणि लेसर सर्वेक्षणात तिथे आठशेहून अधिक झोपड्यांचे ओटे मोजले गेले. कार्बन कालमापनातून वस्ती तिसऱ्या ते सहाव्या शतकातली निघाली. 2020 मध्ये हे जाहीर झाले तेव्हा अभ्यासकांनी तिथे चार हजारांपर्यंत लोक राहत असावेत असा अंदाज दिला.

‘शहर’ हा शब्द मी वापरणार नाही. सगळे ओटे एकाच वेळी वापरात होते का, लोक बाराही महिने तिथे राहत होते की ठरावीक काळी जमत होते, यावर काम चालू आहे. पण त्या काळच्या उत्तर ब्रिटनमध्ये एवढी माणसे एकत्र आणू शकणारी सत्ता होती, हे नाकारता येत नाही. राजाचा मेढेकोट खाली दरीत आणि त्याच्या समोर हा भरलेला डोंगर, असे ते दृश्य होते.

सामान्य माणसे कशी राहायची?

याचे पुरावे मिळवणे सर्वांत कठीण. घरे गवताच्या मातीसकट कापलेल्या ढेकळांची आणि लाकडाची होती. नांगर फिरला की ती नाहीशी होतात. म्हणून ती उंचावरच्या, कधी न नांगरलेल्या जमिनीत सापडतात. पर्थशरच्या ग्लेन शीमध्ये लेअर इथे 2012 ते 2017 या काळात अशी लांबट घरे खणली गेली. एका टोकाला माणसे, दुसऱ्या टोकाला गुरे. ऑर्कनीत दगडी घरे होती, काही इंग्रजी 8 च्या आकड्यासारख्या आकाराची. गुरे हीच मुख्य संपत्ती, आणि शेतात सातू.

फोर्ट्रिऊ हे राज्य नेमके कुठे होते?

अम्मियानसचे वेर्तुरिओनेस आठवतात? त्या नावाचेच पुढचे रूप म्हणजे फोर्ट्रिऊ. सातव्या शतकापासून आयरिश वार्षिकांमध्ये, म्हणजे वर्षवार लिहिलेल्या नोंदींमध्ये, पिक्टांच्या सर्वांत बलाढ्य राजांना ‘फोर्ट्रिऊचा राजा’ म्हटलेले आहे. दीडशे वर्षे सगळे अभ्यासक हे राज्य दक्षिणेत, पर्थशरच्या स्ट्रॅथर्न भागात ठेवत होते.

2006 मध्ये अ‍ॅलेक्स वुल्फ यांनी एका लेखात मूळ साधने पुन्हा वाचली आणि दाखवले की फोर्ट्रिऊ ग्रॅम्पियन डोंगररांगेच्या उत्तरेला, मरेच्या आखाताभोवती असले पाहिजे. एक लेख, आणि अर्ध्या देशाच्या इतिहासाचा नकाशा उलटा झाला. आता बहुतेक अभ्यासक वुल्फ यांच्या बाजूचे आहेत. मला हे उदाहरण फार आवडते, कारण यात नवी वस्तू काहीच सापडली नव्हती. शंभर जणांनी वाचलेली साधनेच कुणीतरी नीट वाचली.

डुन नेख्तानची लढाई एवढी महत्त्वाची का?

20 मे 685. नॉर्थंब्रियाचा राजा एक्गफ्रिथ सल्लागारांचे न ऐकता सैन्य घेऊन उत्तरेला शिरला. पिक्टांचा राजा ब्रिदेई, बिलेचा मुलगा, माघार घेत असल्याचे भासवत त्याला डोंगरांतल्या अरुंद जागेत घेऊन गेला. एक्गफ्रिथ आणि त्याचे बहुतेक सैन्य तिथेच मारले गेले. त्याआधी नॉर्थंब्रिया पिक्टांच्या काही भागावर राज्य करत होती, फोर्थच्या काठी अ‍ॅबरकॉर्नला तिचा बिशपही बसला होता. लढाईनंतर तो पळाला. बीड स्वतः नॉर्थंब्रियाचा, तरी तो मोकळेपणाने लिहितो की त्या दिवसापासून आपल्या राज्याची ताकद ओसरत गेली. आज स्कॉटलंड आणि इंग्लंड असे दोन देश आहेत त्याची एक मुळी या दिवसात आहे.

जागा कोणती? परंपरेने अँगसमधले डनिकेन. फोर्ट्रिऊ उत्तरेला सरकले तेव्हा बॅडेनॉकमधले डनाक्टन हाही दावेदार झाला, आणि बीडने वर्णन केलेले डोंगर तिथे जास्त जुळतात. डनिकेनपासून जवळच अ‍ॅबरलेम्नोच्या चर्चच्या आवारात लढाई कोरलेली शिळा आहे : घोडेस्वार, भाले रोखून रांगेत उभे पायदळ, कोपऱ्यात पडलेल्या योद्ध्याला टोचणारा पक्षी. ती याच लढाईचे चित्र आहे असे लिहिले जाते. शिळा बहुधा नंतरची आहे आणि तिच्यावर एकही नाव नाही. आपल्याकडच्या वीरगळांसमोर उभे राहिल्यावर जशी लढाई दिसते पण योद्ध्याचे नाव कळत नाही, तसेच इथे होते.

बर्गहेडमध्ये काय मिळाले?

मरेच्या किनाऱ्यावर समुद्रात घुसलेल्या भूशिरावरचा हा किल्ला ज्ञात पिक्ट किल्ल्यांतल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. 1805 नंतर तिथे नवे बंदर आणि गाव वसवताना अर्ध्याहून अधिक किल्ला पाडला गेला, दगड बांधकामात वापरले गेले. त्या वेळी बैल कोरलेल्या सुमारे तीस शिळा निघाल्याची नोंद आहे. आज फक्त सहा उरल्या आहेत. एकेका रेषेत कोरलेला तो खांद्याचा उठाव, खाली झुकलेले डोके... ज्याने बैल रोज पाहिला आहे त्याचेच हे काम. बाकीच्या चोवीस शिळांचा विचार आला की वाईट वाटते.

उरलेल्या भागात काही राहिले नसेल असे सगळ्यांनी धरले होते. 2015 पासून अ‍ॅबर्डीन विद्यापीठाने खणायला घेतले आणि आत घरांचे अवशेष मिळाले, तटबंदीतल्या जळालेल्या लाकडी तुळया जागच्या जागी मिळाल्या, इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाचे नाणे मिळाले. साधारण सहाव्या शतकापासून दहाव्या शतकापर्यंत किल्ला वापरात होता आणि शेवटी आगीत गेला. फोर्ट्रिऊ उत्तरेला मानले की बर्गहेड त्याच्या अगदी मध्यावर येते.

शिळांवरची चिन्हे ही लिपी आहे का?

दोनशेहून अधिक शिळांवर तीस-चाळीस चिन्हे पुन्हा पुन्हा येतात. चंद्रकोर आणि तिच्यावरून गेलेला मोडका बाण, जोडचकती आणि झेड आकाराचा दंड, साप, आरसा आणि कंगवा, गरुड, हंस आणि तो ओळखू न येणारा प्राणी. ती बहुतेकदा जोडीने येतात. म्हणून अनेकांना वाटते की जोडी म्हणजे व्यक्तीचे नाव. मलाही हेच सर्वांत पटणारे वाटते.

2010 मध्ये रॉब ली आणि सहकाऱ्यांनी एंट्रॉपीचे (क्रमातली अनिश्चितता मोजण्याचे) गणित लावून म्हटले की चिन्हांच्या क्रमात भाषेसारखी रचना आहे. इथे भारताशी, आणि खास मुंबईशी, खरा धागा जुळतो. आदल्याच वर्षी, 2009 मध्ये, राजेश राव, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले निशा यादव आणि मयंक वाहिया, इरावतम् महादेवन व इतरांनी सिंधू मुद्रांवरच्या चिन्हांबाबत याच पद्धतीचा युक्तिवाद ‘सायन्स’मध्ये मांडला होता. दोन्हींवर भाषाशास्त्रज्ञ रिचर्ड स्प्रोट यांनी एकच आक्षेप घेतला : भाषा नसलेल्या चिन्हसंचातही असाच क्रम दिसू शकतो, त्यामुळे हे गणित एकट्याने लिपी सिद्ध करत नाही. आक्षेप रास्त आहे. सिंधू लिपीच्या वादात रस असलेल्यांनी पिक्ट चिन्हांचा वाद जरूर वाचावा, एकामुळे दुसरा जास्त कळतो.

कालाबद्दल मात्र मोठी प्रगती झाली. स्टोनहेवनजवळ डनिकेअर नावाचा समुद्रात सुटा उभा असलेला सुळका आहे. एकोणिसाव्या शतकात त्यावरून चिन्हांच्या शिळा मिळाल्या होत्या. 2015 पासून पुरातत्त्वज्ञांनी गिर्यारोहकांच्या मदतीने दोर लावून त्यावर उत्खनन केले. किल्ला तिसऱ्या-चौथ्या शतकातला निघाला, आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार चिन्हांची पद्धतही त्याच काळात सुरू झाली असावी. पूर्वी तिचा काळ सहावे-सातवे शतक मानला जाई. म्हणजे रोमन लोक ब्रिटनमध्ये लॅटिन लेख कोरत होते त्याच वेळी सीमेपलीकडे ही दुसरी खूणपद्धत आकार घेत होती.

शिळा अजूनही सापडतात. अ‍ॅबरलेम्नोच्या शेतात सुमारे 1.7 मीटर लांबीची शिळा मिळाल्याचे 2022 मध्ये जाहीर झाले. नंतरच्या काळात कुणीतरी ती घराच्या फरशीत बसवली होती.

त्यांची भाषा कोणती होती?

केल्टिक कुळातली, वेल्शच्या पूर्वजाची जवळची बहीण. 1955 मध्ये केनेथ जॅक्सन यांनी त्यांच्या दोन भाषा होत्या आणि एक तर इंडो-युरोपीयही नव्हती असे मांडले होते. 1997 मध्ये कॅथरीन फोरसाइथ यांनी ते खोडून काढले. पुरावा मुख्यतः गावांच्या नावांत आहे. अ‍ॅबर्डीन, अ‍ॅबरनेथी यांतले ‘अ‍ॅबर’ म्हणजे नदीचे मुख, वेल्समध्येही हाच शब्द. पिटलॉख्री, पिटनवीम यांतले ‘पिट’ म्हणजे जमिनीचा वाटा.

ते ख्रिस्ती कधी झाले?

हळूहळू, पाचव्या शतकापासून सातव्यापर्यंत. आयोना बेटावरचा आयरिश संत कोलंबा नेस नदीजवळ ब्रिदेई राजाला (685 च्या विजेत्या ब्रिदेईला नव्हे, शंभर वर्षे आधीच्या त्याच नावाच्या दुसऱ्याला) भेटायला गेला होता. त्याचे चरित्र लिहिणारा अ‍ॅडोम्नान सांगतो की पिक्टांशी बोलताना कोलंबाला दुभाषा लागे. आठव्या शतकाच्या सुरुवातीला राजा नेख्तानने नॉर्थंब्रियातल्या मठाधिपती केओल्फ्रिथला पत्र लिहून ईस्टरची तारीख कशी काढायची हे विचारले आणि रोमन पद्धतीचे दगडी चर्च बांधायला कारागीर मागितले. 717 मध्ये त्याने आयोनाच्या भिक्षूंना राज्याबाहेर काढले. जो राजा शेजारच्या राज्याशी असा पत्रव्यवहार करतो, त्याला रानटी म्हणायचे का?

पोर्टमाहोमॅकमध्ये मार्टिन कार्व्हर यांनी 1994 ते 2007 या काळात पिक्टांचा एक मठ खणून काढला. तिथे चर्मपत्र बनवण्याची कार्यशाळा होती : कातडी ताणायची साधने, ती घासायचे दगड. म्हणजे ग्रंथ लिहिले जात होते. आज एकही उरलेला नाही. 800 च्या सुमारास मठ जाळला गेला, कोरीव शिळांचे तुकडे तुकडे झाले.

लॉख नेसचा राक्षस पिक्टांच्या काळातला आहे का?

अ‍ॅडोम्नानच्या ग्रंथात नेस नदीतल्या एका जलचराची कथा आहे, कोलंबा त्याला क्रूसाची खूण करून पळवतो. सरोवरातला राक्षस ही विसाव्या शतकातली गोष्ट.

मग पिक्ट नाहीसे कसे झाले?

झालेच नाहीत. आठव्या शतकात ओनुइस्त या राजाने 736 मध्ये दाल रियादाचा डनॅड किल्ला घेतला आणि पिक्टांची सत्ता शिखरावर नेली. मग वायकिंग आले. 839 मध्ये त्यांनी फोर्ट्रिऊच्या सैन्याचा आणि राजाचा एकाच लढाईत नाश केला. त्या पोकळीतून किनेथ मॅक अल्पिन वर आला. शाळेच्या पुस्तकांत तो पिक्टांना जिंकणारा पहिला स्कॉट राजा असतो, आणि मेजवानीला बोलावून पिक्ट सरदारांची कत्तल केल्याची कथाही त्याच्या नावावर आहे.

ती कत्तलीची कथा कित्येक शतकांनंतरची. समकालीन नोंदी वेगळे सांगतात. किनेथ 858 मध्ये वारला, तेव्हा आयरिश वार्षिकांनी त्याला ‘पिक्टांचा राजा’ म्हटले. त्याच्या भावाला आणि मुलांनाही 878 पर्यंत हीच पदवी. 900 मध्ये नातू वारला तेव्हा मात्र ‘आल्बाचा राजा’ अशी नोंद आहे. आल्बा हे स्कॉटलंडचे गेलिक नाव. राज्य तेच, घराणे तेच, नाव आणि दरबाराची भाषा बदलली. गेलिक बोलणे प्रतिष्ठेचे झाले आणि दोन-तीन पिढ्यांत लोक स्वतःला पिक्ट म्हणेनासे झाले. आधी पिक्टांचे लुप्त होणे आणि मग स्कॉटलंड, असे शिकवले जाते. मला वाटते, पिक्टांचे राज्यच स्कॉटलंड झाले असे शिकवायला हवे.

हे सगळे कुठे पाहता येईल?

एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात हिल्टन ऑफ कॅडबोलची शिळा, सेंट निनियन बेटावरचा 1958 मध्ये मिळालेला चांदीचा ठेवा आणि साखळ्या आहेत. तिथून सुरुवात करा, प्रवेश मोफत आहे. एकाच दिवसात जास्त शिळा पाहायच्या तर मीगल आणि सेंट व्हिजिअन्स ही दोन छोटी संग्रहालये गाठा. फॉरेसमध्ये साडेसहा मीटर उंच स्वेनोची शिळा काचेच्या पेटीत उभी आहे. पोर्टमाहोमॅकच्या जुन्या चर्चमध्ये मठाचे संग्रहालय आहे आणि रोझमार्कीत ग्रोम हाउस हे संग्रहालय. अ‍ॅबरलेम्नोला मात्र उन्हाळ्यातच जा. हिवाळ्यात शिळांवर पाऊस-बर्फापासून संरक्षणासाठी लाकडी पेट्या घालतात, आणि इतक्या लांब जाऊन फक्त फळ्या दिसतील.